दिवा विझला तर देव घरी नाही

भाड्याची पहिली पावती मी घरमालकांपुढे सहीसाठी धरली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट केली, उजेडाकडे धरली, कोपरा बोटांत चुरगाळून पाहिला आणि विचारलं, "हाई कितलं टिकी?"

"सही करा, म्हणजे टिकेल," मी म्हटलं.

"सही नही बाई. कागद. कागद कितलं टिकी?"

"पुढच्या महिन्यापर्यंत टिकला तरी पुरे."

त्यांनी सही केली, पण माझ्याबद्दलचं मत तेव्हाच बनवून टाकलं. ही बाई पुढच्या महिन्यापर्यंतच बघते.

गाव त्यांना आप्पा म्हणायचं. खानदेशात गल्लीगणिक दोन आप्पा असतात, त्यामुळे एवढ्याने त्यांचं नाव सांगितल्यासारखं होत नाही. गाव तापीकाठचं. शहाद्याहून एसटी फाट्यावर सोडायची, पुढे चालत. पन्नास सालानंतरच्या दशकाची अखेर असेल, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून आईला घेऊन तिथे गेले आणि आप्पांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खोल्या हवेशीर होत्या, पाणी जवळ होतं, घरमालक विक्षिप्त होते. तीनपैकी दोन गोष्टी चांगल्या म्हणजे सौदा बरा, असं मी धरून चालले.

"हाई कितलं टिकी?" हा प्रश्न ते सगळ्यालाच विचारायचे. जिजींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नव्या लुगड्याला. माझ्या आईच्या लोणच्याला. गावात सोसायटीच्या इमारतीचा पाया भरला, तेव्हा पाहुण्यांचं भाषण मधेच थांबवून त्यांनी तो विचारला. पाहुणे म्हणाले, "शंभर वर्षं." आप्पा म्हणाले, "मंग काबरं इतला खर्च?" आणि उठून गेले. त्यांचं माप दहा हजार वर्षांचं होतं. त्याच्या खालचं सगळं त्यांच्या लेखी आठवडी बाजारातल्या कोथिंबिरीसारखं.

शिवाय ते कट्टर नास्तिक. एकादशीला मुद्दाम ओट्यावर बसून शेवभाजी खायचे, तीही नंदुरबारच्या मिरचीची, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं अशी. कीर्तनाला मात्र न चुकता जायचे, कारण तिथे झोप चांगली लागते. जिजी स्वतःच्या उपासाबरोबर त्यांच्याही वाटचा उपास धरायच्या आणि वर्षातले निम्मे दिवस उपाशी असायच्या.

दहा हजार वर्षांच्या या वेडाचं मूळ गावाच्या मधोमध होतं. तिथे पांढऱ्या मातीचं एक टेकाड होतं आणि ते आतून पोखरलेलं होतं. जुन्या लोकांनी त्यात पेवं खणलेली. पेव म्हणजे जमिनीत पुरलेलं प्रचंड मडकंच. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. त्यात ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवायची, शेणमातीने लिंपून टाकायची. धान्य आत वर्षानुवर्षं राहतं, पण हवा मरते. शिळा काढल्याबरोबर जो उतरतो, तो परत वर येत नाही. म्हणून आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणसाने उतरायचं.

हे गावाला माहीत होतं. आप्पांच्या मोठ्या भावालाही माहीत होतं. पण घरात लग्न होतं, ज्वारी हवी होती आणि घाई होती. भाऊ उतरला. तो हाकेला ओ देईना म्हणून सालदार गडी उतरला. दोरीचं वरचं टोक आप्पांच्या हातात होतं. तिसरे ते उतरले असते, पण लोकांनी त्यांना खाली पाडून धरून ठेवलं. भावाचा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. तो आप्पांनीच वाढवला.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता, आणि सांगून झाल्यावर टरफलं गोळा करून उठले.

मी गेले तोवर ज्वारी पोत्यांत आणि पत्र्याच्या कोठ्यांत जायला लागली होती. पेवं कोणी वापरत नव्हतं. म्हणजे दिवा सोडायचं लक्षात ठेवायचीही कोणाला गरज नव्हती, आणि आप्पांना झोप येईना ती यामुळे.

"मी शे तवलोंग मी सांगसू. मन्हा नंतर?"

"तुमची मुलं सांगतील."

"त्यासना नंतर?"

"त्यांची मुलं."

"बाई, असं किती येळ चाली? कोनी तरी एक जन सांगाले इसरी जाई, तठेच कोनी तरी मरी."

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "मग बुजवून टाका." त्यांनी मला टेकाडावर नेऊन दाखवलं. भावाचं पेव त्यांनी बुजवलं होतं, गाड्यांवर गाड्या माती टाकून. गाव म्हणालं, रिकामा खड्डा बुजवायला कोणी इतकी माती घालतो का? नक्की आत हंडा असणार. पावसाळ्यानंतर पेव पुन्हा रिकामं. शिवाय खणणाऱ्यांनी आप्पांनाच दोष दिला, हंडा आधीच काढून घेतला म्हणून. शेवटी आप्पांनी तोंडावर पुन्हा शिळा ठेवून ती लिंपून टाकली. आणि बाकीची पेवं किती, कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. दरसाल पावसात कुठे ना कुठे एक नवं तोंड उघडायचं.

तेव्हा निरोप ठेवायचा. पण कशावर आणि कोणत्या भाषेत?

मी अर्थातच मराठी म्हटलं. पाटी रंगवू, मोठ्या अक्षरात. त्यावर ते मला नदीवर घेऊन गेले. घाटावर एक मोठी शिळा आडवी पडली होती आणि तिच्यावर ओळीच्या ओळी कोरलेल्या होत्या.

"दखा. कोना तरी निरोप शे. राजाना ऱ्हाई, नही तं सावकारना. जीव तोडीसन कोरेल शे. आते त्यावर मी धोतर आपटस."

आणि खरोखरच त्यांनी बरोबर आणलेलं धोतर त्यावर आपटायला घेतलं. राजाचा निरोप बराच गुळगुळीत झाला होता.

मग चित्र. शहाद्याच्या एका पेंटरकडून त्यांनी फळी रंगवून आणली. वर टेकाड, खाली पेव, पेवात मेलेला माणूस. हे चित्र कोणत्याही भाषेच्या माणसाला कळलं पाहिजे, म्हणून परीक्षा घ्यायला ते फळी घेऊन शहाद्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बसले. एका रविवारी मीही होते, मला खडूची पेटी आणायची होती. सातपुड्यातून बाजाराला उतरलेल्या एका माणसाने फळी निरखून पाहिली आणि अंगठा तोंडाकडे नेऊन पिण्याची खूण केली. केळीच्या व्यापाऱ्याने गादीचं दुकान कुठे आहे ते विचारलं. एका म्हातारीने चपला काढल्या, शेषावर निजलेले विष्णू आहेत असं समजून फळीच्या पाया पडली आणि एक पैसा ठेवला.

"पैसा उचला," मी म्हटलं.

"मरू द्या," आप्पा म्हणाले. फळीही त्यांनी तिथेच सोडली. पुढे कित्येक महिने ती स्टँडवरच्या चहावाल्याकडे बाक म्हणून होती.

कवटी आणि दोन हाडं काढा, असं मी सुचवलं. ती खूण सगळ्या जगाला कळते. आप्पा उठले. आत गेले आणि जिजींच्या फडताळातून एक डबा घेऊन आले. कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा, त्यावर चांगली ठसठशीत कवटी. आत गूळ.

"घासी घासी धुयेल शे," आतून जिजी म्हणाल्या. "झाकन घट्ट बसस. मुंग्या येतस नही."

"कशा येतीन?" आप्पा म्हणाले. "मुंग्यासले वाचता येस."

त्या दिवसापासून मी आणि आईने त्या घरचं गोड खाणं बंद केलं.

शेवटी त्यांनी ठरवलं, अक्षर नको, चित्र नको. एक तोंड करायचं. असं तोंड की दहा हजार वर्षांनी येणारा, त्याची भाषा कोणतीही असो, ते पाहून उलट्या पावली पळाला पाहिजे. जात्या-पाट्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारा एक पाथरवट त्यांनी गाठला. तो म्हणाला, मला मारुती येतो, नंदी येतो, भ्यायचं तोंड येत नाही. तुम्ही करून दाखवा, मी कोरतो. मग काय! आप्पा ओट्यावर बसले. डोळे बाहेर, गाल आत, जबडा वासलेला, जीभ हनुवटीवर. पाथरवट छिन्नी चालवतोय आणि हे तासन्‌तास तसेच. मी शेजारी वह्या तपासत बसायचे. जेवायच्या वेळी जिजी बाहेर येऊन म्हणायच्या, "आते तोंड मिटा, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

दगड तयार झाला तो मारुती आणि आप्पा यांच्या मधला काहीतरी. भावाच्या पेवाच्या तोंडाशी त्यांनी तो पक्का रोवला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना समाधानी पाहिलं.

आठवड्याच्या आत दगडाला शेंदूर लागला.

"कोनी लावं हाई?" आप्पा अंगणात ओरडले.

"मी," जिजी म्हणाल्या.

"काबरं?"

"उघडा देव बरा दिखस का?"

"तो देव नही शे! तो सांगी ऱ्हायना, आठे येऊ नका!"

"सगळा देव तेच सांगतस," जिजी म्हणाल्या. "लोके ऐकतस का?"

नाही ऐकले. कोणाची तरी हरवलेली म्हैस तिथे नारळ फोडल्यावर सापडली. कोणाला मुलगा झाला. दगडाला पेवोबा असं नाव पडलं. आप्पा काठी घेऊन भक्तांच्या मागे धावायचे. लोकांनी ठरवलं की देव कडक आहे आणि ही काठी म्हणजे त्याचा प्रसाद. शेजारच्या गावच्या एकाला पाठीत बसली, तर त्याची कंबर मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तो सासऱ्याला घेऊन आला. लोकांनी यायचं नाही म्हणून ठेवलेल्या दगडाने सगळा तालुका त्या भोकाच्या तोंडाशी आणून बसवला.

मग गावच्या भगताने जाहीर केलं की देवाचं घर आत आहे आणि ते साफ व्हायला हवं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी शिळा काढायची आणि एकाने उतरायचं. उतरायला पुढे आला तो आप्पांचा पुतण्या, पाळण्यातला तो मुलगा. आता मिसरूड फुटलेला, हसरा, हट्टी.

"काका, मन्हा बाप तठे गया. त्या जागानी सेवा मी नही करसू तं कोन करी?"

आप्पांनी त्याला समजावलं, शिव्या दिल्या, एक दिवस खोलीत कोंडलं. तो खिडकीतून गेला. आप्पा माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही सांगा. तुम्हनं ऐकी तो." मी शाळेत प्रयोग केला. मेणबत्ती पेटवली, वर काचेचा पेला पालथा घातला, ज्योत विझली. पुतण्या मागच्या बाकावर बसून नीट बघत होता.

"झकास शे बाई," तो म्हणाला. "पन काचना पेलामा देव कोठे शे?"

आखाजी उजाडली. खानदेशात हा लेकीबाळींचा सण. कडुलिंबांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी चाललेली, घराघरात आमरस. टेकाडावर मात्र झाडून बाकीचा सगळा गाव. शिळा काढली. मुहूर्त टळतो म्हणून भगत घाई करत होता. पुतण्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक हातात घेऊन गर्दीत पाहिलं आणि ते आप्पांसमोर धरलं.

"काका, दोरी तुम्ही धरा."

आप्पांनी दोरी घेतली. तिच्याकडे पाहिलं. मग ती खाली टाकली, डोक्यावरची टोपी काढून भिरकावली आणि घुमायला लागले.

केस नव्हतेच, त्यामुळे मोकळे सोडायचा प्रश्न नव्हता. पण त्यांनी तोंड केलं. डोळे बाहेर, गाल आत, जबडा वासलेला, जीभ हनुवटीवर. लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. हुबेहूब! टेकाडावरचा सगळा गाव एकदम खाली बसला. ज्याने आयुष्यभर देवाला शिव्या दिल्या त्याच्याच अंगात देव आला, याहून मोठा पुरावा कोणता?

भगताला धंद्याची काळजी. त्याने विचारलं, "देवा, तू कोन शे?"

"तुन्हा बाप!" देव म्हणाला. "मन्हा घरमा येतस आनि पहिले दिवा धाडतस नही? दिवा धाडा! दिवा जळना तं मी घर शे. दिवा ईझना तं मी घर नही. मी घर नसताना जो कोनी ई, त्याले मी परत धाडाव नही!"

दिवा आणला. दोरीला बांधून सोडला. पेवाच्या गळ्याखाली गेला आणि कोणी फुंकर घातल्यासारखा विझला. दुसरा सोडला, तोही विझला. झोक्यावरच्या पोरींची गाणी तेवढी ऐकू येत होती. पुतण्याने कोणी न सांगता कमरेचा दोर सोडला.

दुपारी आप्पा पाटावर बसून आमरस ओरपत होते. मी विचारलं, "आप्पा, खरंच आलं होतं का अंगात?"

"बाई, मन्हा गुडघा दुखी ऱ्हायनात. देव ऊना ऱ्हाता तं दुखतात का?"

"मग हे खोटंच की."

"खोटंच. पन हाई टिकी." त्यांनी वाटी पुढे केली, जिजींनी भरली. "आखाजीले पोरी झोका खेळतस. काबरं खेळतस, कोनले माहीत शे? तरी दरसाल झाडले दोर बांधतसच. आपलं तसंच. हवा, पेव, मन्हा भाऊ, सगळं इसरी जातीन. दिवा सोडतीन."

म्हणजे कागद नाही, दगड नाही, चित्र नाही. एक निरर्थक वाटणारी रीत मागे ठेवायची आणि तिचं कारण विसरलं जाणार हे आधीच धरून चालायचं. मी शाळेत नेमकं उलट शिकवत होते, आधी कारण, मग कृती. वाद घातला असता, पण त्यांचा पुतण्या ओसरीवर जेवत होता.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. रीत लागायची तर दर आखाजीला अंगात यायला हवं, आणि ते येत राहिले. गुडघ्यांना तेल चोळत, देवांना शिव्या घालत. एकादशीची शेवभाजी आता माजघरात व्हायची. पहिल्यांदा ताट उचलून आत जाताना मला म्हणाले, "दार लावा बाई. कोनी दखं तं देवनी अब्रू जाई."

पुढे माझी बदली विसरवाडीकडे झाली. जाताना मी जुन्या पावत्यांचा गठ्ठा त्यांना दिला. त्यांनी तो चुलीत टाकला. त्यानंतर दोन वर्षांनी आप्पा गेल्याचं पोस्टकार्ड आलं. तेव्हा परीक्षा चालू होत्या, जाता आलं नाही. मी गावात गेले ते साठ सालानंतरचं दशक संपत आलं तेव्हा, जिजींना भेटायला, आखाजीच्याच दिवशी.

गावात वीज आली होती. पेवोबावर पत्र्याचं छप्पर होतं. पुतण्या आता देवाचा पुजारी, कपाळाला शेंदूर, तोच हसरा चेहरा. मला हाताला धरून टेकाडावर घेऊन गेला.

"बाई, दखा! देवले लाईट लई दिन्ही." पेवात लांब वायर सोडलेली होती आणि तळाशी बल्ब जळत होता, लख्ख. "पहिले दिवा कायम ईझी जाये. देव कधी घर नहीच. आते ईझाना सवालच नही. चोवीस घंटा देव घर!"

पेवाच्या तोंडाशी नवी कोरी बांबूची शिडी टेकवलेली होती. देव कायम घरी, तेव्हा आज पहिल्यांदाच आत उतरून दर्शन. आधी बायका. त्या ताटं घेऊन ओळीने उभ्याच होत्या. दहा हजार वर्षांसाठी ठेवलेला निरोप विजेच्या पहिल्या खांबाशी अडकला होता.

मी सांगितलं. बल्बला हवा लागत नाही, माणसाला लागते, हे सोप्या शब्दांत सांगितलं. पुतण्या मायेने हसला. "बाई, तुम्हना तो काचना पेला!" आणि पहिल्या बाईला हाताने पुढे यायची खूण केली.

मी चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पर्समध्ये ठेवली. घड्याळ काढून तेही ठेवलं. पर्स जिजींच्या हातात दिली. मग अंबाड्याचे आकडे काढले.

तोंड कसं करायचं ते मला पाठ होतं, ते कोरलं जात असताना मी शेजारीच बसलेली होते. भाषेचा प्रश्न होता. याच गावातल्या पोरांना मी वर्षानुवर्षं "शे नाही, आहे म्हणा" असं बजावलं होतं. पण पेवोबा प्रमाण मराठीत बोलला तर कोण ऐकणार?

"वीजना दिवा मन्हा घरमा चालाव नही!" मी ओरडले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "तेलना दिवा धाडा!"

ओळ मोडली. ताटं खाली आली. पुतण्या जागच्या जागी बसला, हात जोडून. कोणीतरी धावत जाऊन पणती आणली. दोरीला बांधून सोडली, वायरीच्या शेजारून. पेवाच्या गळ्याखाली ती विझली. बल्ब तळाशी जळतच होता. लोक एकदा त्याच्याकडे आणि एकदा विझलेल्या पणतीकडे बघत राहिले. मग पुतण्याने स्वतःच्या हाताने वायर वर ओढली आणि शिडी खांद्यावर घेऊन तो गोठ्याकडे चालता झाला.

मी केस बांधत होते. जिजींनी पर्स परत दिली आणि हळूच विचारलं, "बाई, खरंच ऊनं का आंगमा?"

"गुडघे दुखतायत, जिजी."

"त्या बी हाईच सांगेत," आप्पांच्या तोंडाच्या त्या दगडाकडे बघत जिजी म्हणाल्या.

फाट्यावर मला शहाद्याची शेवटची एसटी मिळाली. तेव्हापासून आखाजीच्या कामांच्या माझ्या यादीत पापड, घरपट्टी आणि अंगात येणे ही तीन कामं दरसाल असतात, आणि तिन्ही वेळेवर होतात. चौथं काम आहे माझ्यामागे हे कोण करील ते ठरवणं. ते अजून व्हायचं आहे.